एकवीस दिवसांचं प्रमाणपत्र: सोसायटीच्या तलावात बुडालेल्या आणि वाचलेल्या एका मुलाचं प्रकरण

मुलगा नऊ वर्षांचा, उंची चार फूट दोन इंच, राहणार मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मोठ्या सोसायटीत. एप्रिलच्या सुट्टीत त्याने सोसायटीच्याच तलावात पोहण्याची २१ दिवसांची बॅच पूर्ण केली. शेवटच्या दिवशी परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं, आजोबांनी ते लॅमिनेट करून आणलं. मे महिन्यात त्याच तलावात, काठावर पंधरा-सोळा मोठी माणसं असताना, तो बुडाला. बाहेर काढला तेव्हा श्वास चालू नव्हता. श्वास परत आला, तिसऱ्या दिवशी तो घरी आला, आणि आता नेहमीसारखा शाळेत जातो.

मी पोहायला शिकवतो. घटनेनंतर सोसायटीच्या कमिटीने आणि मुलाच्या आईवडिलांनी मला हे प्रकरण मुळापासून तपासायला सांगितलं. कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं, बॅच घेणाऱ्या सरांशी, जीवरक्षकाशी आणि त्या दिवशी हजर असलेल्या बहुतेकांशी बोललो. मुलाशी सगळ्यात शेवटी बोललो, कारण त्याला बोलावंसं वाटेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. हे लिहायला त्याच्या घरच्यांची आणि कमिटीची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोषी कोण, हे इथे शोधलेलं नाही. घरचे, शिकवणारे आणि तो मुलगा स्वतः, सगळेच मानत होते की याला पोहायला येतं. मग तो साडेचार फूट पाण्यात बुडाला कसा? माझ्या मते याचं उत्तर दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग त्या प्रमाणपत्रापाशी येऊन मिळतात. एकवीस दिवसांत त्याला पाण्यात पुढे जायला शिकवलं गेलं, पाण्यात थांबायला नाही. आणि कागद हातात आल्या दिवसापासून मोठ्यांची नजर त्याच्यावरून उठली.

तलाव आणि ती संध्याकाळ

तलाव पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर. लांबी १८ मीटर, रुंदी ८ मीटर. एका टोकाला खोली तीन फूट, दुसऱ्या टोकाला साडेपाच. मधे पायऱ्या नाहीत, तळ हळूहळू उतरत जातो. जिथे उतार सुरू होतो तिथे एरवी रंगीत फ्लोट ओवलेली दोरी आडवी बांधलेली असते. त्या संध्याकाळी एका मुलाच्या वाढदिवसाची पार्टी होती. मुलांना चेंडू खेळायला मोकळी जागा हवी म्हणून ती दोरी सोडून काठावर गुंडाळून ठेवली होती.

जीवरक्षक ड्युटीवर होता. तो प्रशिक्षित आहे आणि कामाला चोख आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण सोसायटीत जीवरक्षक म्हणजे हाताशी असलेला आणखी एक माणूस असं झालेलं असतं. त्या संध्याकाळी त्याला आधी स्पीकरची वायर ओढायला सांगितलं गेलं, मग केकचं टेबल हलवायला. मुलगा अडचणीत आला तेव्हा तो टेबलाचं एक टोक धरून तलावाकडे पाठ करून चालत होता. कुणी दुष्टपणाने सांगितलं नव्हतं. "दादा, जरा एक हात लावता का?" एवढंच.

मुलाची आई काठापासून सात-आठ पावलांवर खुर्चीत बसली होती, मांडीवर धाकटी झोपलेली. "त्याला येतं ना आता, म्हणून मी निवांत होते," हे वाक्य तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि नंतरही पुन्हा पुन्हा सांगत राहिली. बॅचच्या आधी हीच आई तलावाच्या काठावरून हलत नसे. वडील पाण्यातच होते, खोल टोकाला, दुसऱ्या मुलांना चेंडू टाकत. बाकीच्या मोठ्यांपैकी प्रत्येकाने मला सांगितलं की इतकी माणसं होती, कुणीतरी बघतच असेल असं वाटलं.

पाण्यात काय झालं

कॅमेरा वरून आणि थोडा लांबून आहे, पण चित्र स्पष्ट आहे. मुलगा उथळ भागातून पोहत निघतो, पाच-सहा मीटर येतो आणि थांबतो. पोहण्याच्या चष्म्यात पाणी गेलं होतं, हे त्याने नंतर सांगितलं. एकवीस दिवस जे केलं तेच तो करतो: पाय खाली सोडून उभा राहायला जातो. पण तो उतारावर आलेला असतो. तिथे पाणी साडेचार फूट आहे. पाय पुरत नाहीत.

पुढचे साधारण चाळीस सेकंद मी पुन्हा पुन्हा पाहिले. त्यात आरडाओरडा नाही, हात हलवणं नाही, पाणी उडणं नाही. डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, क्षणात वर, क्षणात खाली. दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असल्यासारखे. शरीर उभं. वरून बघणाऱ्याला वाटेल, मुलगा जागच्या जागी उड्या मारतोय. चार मीटरच्या आत आठ माणसं आहेत. त्यातला एक जण त्याच्याकडे बघतो, हसतो आणि मान वळवतो.

न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर काम केलेले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी हीच चिन्हं १९७०च्या दशकात नोंदवून ठेवली. बुडणारा माणूस ओरडू शकत नाही, कारण आवाजाच्या आधी श्वास लागतो आणि तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात जेमतेम श्वासच घेता येतो. तो हात हलवून बोलावू शकत नाही, कारण हात आपोआप पाणी दाबत राहतात. पुढे केलेली रिंगही त्याला धरता येत नाही. हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं, मग माणूस खाली जातो. मुलाच्या बाबतीत चाळीस. सिनेमात बुडणारा "वाचवा, वाचवा" ओरडतो आणि आपण सगळे तो आवाज ऐकू येण्याची वाट बघत काठावर बसतो. ज्याला ओरडता येतंय त्यालाही मदत हवीच असते, पण त्याच्याकडे अजून थोडा वेळ आहे.

ज्या मुलीने ओळखलं ती तेरा वर्षांची, शेजारच्या विंगमधली. ती म्हणाली, "काका, त्याचे केस डोळ्यांवर आले होते आणि तो ते बाजूला करत नव्हता." माझ्या अनुभवात मोठ्या माणसांपैकी फार थोड्यांना हे सुचतं. ती उडी मारून त्याच्याकडे गेली नाही. जोरात ओरडली, जीवरक्षकाला हाक मारली आणि बोट रोखून जागा दाखवत राहिली. तोवर मुलगा खाली गेला होता. संध्याकाळचा तिरपा उजेड पाण्यावर पडलेला, त्यात मुलाचा पोहण्याचा पोशाख निळा. काठावरून तळ दिसतच नव्हता. तिचं रोखलेलं बोट नसतं तर जीवरक्षकाला शोधत बसावं लागलं असतं. पाय सुटल्यापासून बाहेर काढेपर्यंत एकूण एक मिनिट पन्नास सेकंद गेली.

ही मुलगी पोहायला कुठे शिकली, असं मी सहज विचारलं. सातारा जिल्ह्यातल्या आजोळी, विहिरीत. मामाने पाठीला प्लास्टिकचा डबा बांधून सोडलं होतं. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे, पुढे त्याचं काम आहे.

बाहेर काढल्यावर

मुलगा निळसर पडला होता, शुद्ध नव्हती, छाती हलत नव्हती. लगेच दोन सूचना आल्या. एकाने म्हटलं, पाय धरून उलटा करा. दुसऱ्याने म्हटलं, पोट दाबा, पाणी निघेल. दोन्ही सल्ले पिढ्यानपिढ्या चालत आलेत आणि दोन्ही घातक आहेत. पोट दाबल्याने पोटातलं अन्न आणि पाणी वर येऊन श्वासनलिकेत शिरतं, आणि जो वेळ श्वास द्यायचा तो वाया जातो. फुप्फुसात गेलेलं पाणी काढत बसायची गरज नसते. शरीराला प्राणवायू हवा असतो.

सुदैवाने तळमजल्यावर राहणाऱ्या, एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिका तिथे होत्या. त्यांनी गर्दी बाजूला केली, मुलाला उताणं ठेवलं, हनुवटी उचलून मान किंचित मागे केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाने श्वास दिले. सलग पाच. चौथ्या श्वासानंतर छाती स्वतःहून हलली, मग खोकला, मग मोठी उलटी. त्यांनी त्याला लगेच कुशीवर वळवलं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी. हृदयविकाराने कोसळलेल्या माणसासाठी सीपीआरच्या, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याच्या, शिबिरांत "नुसती छाती दाबा, श्वास नाही दिलात तरी चालेल" असं शिकवलं जातं, आणि तिथे ते बरोबर आहे. बुडालेल्याचं तसं नाही. त्याचं हृदय थांबतं ते श्वास थांबल्यामुळे, म्हणून त्याला आधी श्वास हवा. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना सुरुवातीला ५ श्वास द्या म्हणतात, अमेरिकेतल्या २ म्हणतात, पण श्वासाने सुरुवात करा हे दोघांनाही मान्य आहे. त्यावर प्रतिसाद नसेल तर छाती दाबणं, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ३० दाबांमागे २ श्वास, मदत येईपर्यंत. एकाने हे करत राहायचं आणि दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावायचा. त्या दिवशी फोन करायचं कुणाला सुचलं नाही. मुलाला गाडीत घालून नेलं. तोवर श्वास सुरू झाला होता म्हणून निभावलं. गाडीच्या मागच्या सीटवर छाती दाबणं जमत नाही.

रुग्णालयात प्राणवायू दिला, छातीच्या एक्स-रेत डाग दिसले, दोन रात्री ठेवून घेतलं. काही नातेवाईक म्हणत होते, मुलगा बोलतोय, हसतोय, घरी नेऊ या. डॉक्टरांनी ऐकलं नाही ते योग्यच केलं. ज्याच्या नाकातोंडात पाणी जाऊन शुद्ध हरपली होती किंवा खोकला थांबत नाही, त्याला दवाखान्यात काही तास नजरेखाली ठेवावंच लागतं. फुप्फुसांचा त्रास वाढायचा असेल तर तो बहुतेक पहिल्या आठ तासांत दिसतो. मोबाइलवर फिरणारे "पोहून आल्यावर चार दिवसांनी मूल अचानक गेलं" असे संदेश मात्र पालकांना उगाच घाबरवतात. लक्ष द्यायचं ते पहिल्या काही तासांतल्या धाप, सततचा खोकला आणि सुस्ती यांच्याकडे.

एकवीस दिवसांत काय झालं होतं

बॅच घेणारे सर तरुण आहेत, स्पर्धेत पोहलेले आहेत. त्यांनी काहीही लपवलं नाही, स्वतःची वही दाखवली. एका बॅचला बावीस मुलं, वेळ पाऊण तास, शिकवणारे ते एकटे. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला दिवसाला दोन मिनिटं. सुरक्षिततेसाठी त्यांनी सगळी मुलं तीन फुटी भागातच ठेवली. हा निर्णय त्या परिस्थितीत समजण्यासारखा आहे, आणि प्रकरणाचं मूळही त्यातच आहे.

तीन फूट पाण्यात मूल कधीही उभं राहू शकतं. ते दीर्घ श्वास घेतं, तोंड पाण्यात घालतं, हातपाय मारतं आणि श्वास संपला की उभं राहतं. आठ मीटरची रुंदी अशी एका श्वासात सहज पार होते. परीक्षा तीच होती: रुंदी पार करा. हा मुलगा बॅचमधल्या सगळ्यात वेगवान मुलांपैकी होता. पण त्याने पाण्यात असताना कधीच श्वास घेतला नव्हता. प्रत्येक श्वास त्याने तळावर उभं राहून घेतला होता. तळ गेला, तिथे श्वास गेला.

आता ती विहिरीतली मुलगी आठवा. विहिरीला उथळ टोक नसतं. पहिल्या दिवसापासून पायाखाली काही नाही. म्हणून तिथे हात मारायला शिकण्याआधी पाण्यावर राहायला शिकावं लागतं. आधी डब्याच्या किंवा भोपळ्याच्या आधाराने, मग आधार कमी करत करत. विहिरीत शिकवणं सुरक्षित आहे असं मी मुळीच म्हणत नाही. कुणीही पोहणारा सोबत नसताना विहिरीत, शेततळ्यात, खाणीत उतरून किती घरांनी मुलं गमावली आहेत. पण शिकवण्याचा क्रम मामाचा बरोबर होता आणि टाइल्स बसवलेल्या तलावात तो उलटा झाला.

सरांनी एक गोष्ट सांगितली ती मला महत्त्वाची वाटते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना उताणं तरंगायला शिकवायला सुरुवात केली होती. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर प्रश्न आले: फ्रीस्टाइल कधी सुरू करणार? दुसऱ्या सोसायटीतली मुलं आठवड्यात पोहायला लागली. पाचव्या दिवसापासून त्यांनी तरंगणं सोडून दिलं. तरंगणाऱ्या मुलाचा व्हिडिओ काढण्यासारखा नसतो. ते नुसतं पडून राहिलेलं दिसतं.

एकवीस दिवस कमी पडतात असंही नाही. महापालिकेच्या तलावांतले उन्हाळी वर्ग २१ दिवसांचे असतात. बांगलादेशात गावोगावच्या तळ्यांमध्ये बांबूचे मचाण बांधून मुलांना जीव वाचवण्यापुरतं पोहणं शिकवतात, त्या स्विमसेफ कार्यक्रमाचा आराखडाही २१ टप्प्यांचाच आहे. पण तिथे शेवटी बघतात ते मूल २५ मीटर पोहतं का, पाण्यात तरंगून राहतं का, आणि काठावरून दुसऱ्याला मदत करू शकतं का. त्या कार्यक्रमात शिकलेल्या मुलांमध्ये बुडून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी मुलांना, सहा वर्षांपुढच्या, पोहण्यासोबत पाण्यातली सुरक्षितता शिकवा असं सांगते. याच संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं.

पाच वर्षांखालच्यांचा विषय निघालाच आहे तर एक बाजूची पण निकडीची गोष्ट. या मुलांना तलाव लागत नाही. मुंबईत जिथे पाणी दिवसातून तासभर येतं तिथे घराघरात पिंपं, टब, बादल्या भरून ठेवलेल्या असतात. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते वाकलं आणि तोल गेला तर स्वतःला मागे ओढून घेऊ शकत नाही. पिंपाला घट्ट झाकण आणि रिकामी बादली पालथी, याला पर्याय नाही. या सोसायटीतही खेळाच्या जागेशेजारी जमिनीखालच्या टाकीचं झाकण सैल सापडलं. ते त्याच दिवशी कुलूप लावून बंद करायला लावलं.

पुन्हा शिकवणं

मुलाला परत पाण्यात आणायची घाई नव्हती. आजोबांचं मत वेगळं होतं: "घोड्यावरून पडलेल्याला लगेच बसवावं." पण मुलाला आंघोळीला तोंडावर तांब्या ओतलेलाही सहन होत नव्हता. म्हणून सुरुवात घरी, बादलीत. तोंड पाण्यात घालून नाकाने बुडबुडे सोडायचे, तोंड बाजूला काढून श्वास घ्यायचा. हे खेळ म्हणून, आईसोबत. जूनच्या मध्यापर्यंत एवढंच.

मग तलावात. पहिलं उद्दिष्ट एकच: श्वास हवा असेल तर उभं राहायचं नाही, उताणं व्हायचं. कान पाण्यात, पोट वर, नजर आकाशाकडे, छातीत हवा भरलेली. मी मानेखाली दोन बोटं ठेवायचो. त्याचं शरीर आधी आखडायचं, मग पाय बुडायचे, मग तो घाबरून मला धरायचा. त्याला शांत पडायला बरेच दिवस लागले आणि तेवढे लागू दिले. एकदा ते जमल्यावर पालथं पोहणं, उताणं वळणं, दोन-चार श्वास, पुन्हा पालथं होणं, हे चक्र सुरू झालं. हे चक्र ज्याला येतं त्याचं अंतर श्वासाने ठरत नाही, तो थकला की विसावा घेऊ शकतो.

त्यानंतर पडणं. काठावरून अचानक पाण्यात पडायचं, वर यायचं, गोल फिरून काठ कुठे आहे ते बघायचं, तिथे जाऊन धरायचं, शिडीशिवाय वर चढायचं. अमेरिकी रेडक्रॉसची पाण्यातल्या किमान क्षमतेची कसोटी साधारण अशीच आहे: डोकं बुडेल इतक्या खोल पाण्यात उतरून वर येणं, एक मिनिट तरंगणं किंवा उभ्याने पोहत राहणं, पूर्ण वळून बाहेर पडायची जागा शोधणं, २५ यार्ड म्हणजे सुमारे २३ मीटर तिथवर जाणं, आणि शिडीविना बाहेर येणं. मला ही कसोटी आवडते, कारण तिच्यात वेगाचा आणि शैलीचा संबंधच नाही. पुढे हेच सगळं शाळेच्या गणवेशात करून घेतलं. माणूस बुडतो तेव्हा बहुधा त्याच्या अंगावर पोहण्याचा पोशाख नसतो.

आणि एक नियम त्याला आणि त्याच्यासोबतच्या सगळ्या मुलांना पाठ करून घेतला: कुणी बुडत असेल तर ओरडायचं, काहीतरी फेकायचं किंवा लांबवायचं, स्वतः जायचं नाही. ओढणी, बांबू, रिकामी पाण्याची मोठी बाटली, चेंडू, काहीही. भावाला वाचवायला भाऊ आणि त्याला वाचवायला मित्र, अशी दोन-तीन मुलं एकाच जागी जातात हे दर पावसाळ्यात घडतं. धाडसी मुलांना हे पटवणं कठीण जातं. त्या तेरा वर्षांच्या मुलीचं उदाहरण दिलं की पटतं.

श्वास कोंडून पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, ही शर्तही बंद केली. आधी भराभर दीर्घ श्वास घेऊन खाली जाणारा मुलगा श्वासाची तल्लफ लागायच्या आतच पाण्याखाली बेशुद्ध होऊ शकतो. उत्तम पोहणारेही असे जातात.

कमिटीची बैठक

बैठक तापली. काहींचं म्हणणं, तलावच बंद करा. काहींचं, मुलांना हातात फुगवायच्या पट्ट्या सक्तीच्या करा. तलाव बंद करण्याला मी विरोध केला, कारण मग ही मुलं शिकणार कुठे? पट्ट्यांनाही विरोध केला. त्या निसटतात, हवा सोडतात, मुलाला पाण्यात उभं राहायची सवय लावतात आणि मोठ्यांना निर्धास्त करतात.

जे ठरलं ते साधं होतं. जीवरक्षकाला तलावाखेरीज कोणतंही काम सांगायचं नाही. सांगणाऱ्याला दंड आहे. फ्लोटची दोरी कुठल्याही कार्यक्रमासाठी सुटणार नाही. पाण्यात मुलं असली की मोठ्यांपैकी एक जण लाल टोपी घालून काठावर उभा राहील. त्याच्या हातात मोबाइल नसेल, तो गप्पा मारणार नाही, पंधरा मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर स्वतः ठेवूनच तो जागा सोडेल. टोपीचा फायदा असा, की आता कोण बघतंय याचं उत्तर सगळ्यांना दिसतं, आणि टोपी कुणाच्याच डोक्यावर नसेल तर तेही दिसतं. परिचारिकाबाईंनी सोसायटीतल्या चाळीसएक जणांना श्वास देणं आणि छाती दाबणं शिकवलं. त्यात वॉचमन आणि घरकाम करणाऱ्या ताईही होत्या, कारण दुपारी मुलांजवळ त्याच असतात.

बॅचची मुलं बावीसवरून आठवर आली, फी वाढली. यावर नाराजी आहे आणि ती खोटी नाही. दोन मुलं असलेल्या घराला हा खर्च जाणवतो. कमिटीने सुट्टीबाहेरच्या महिन्यांत कमी फीची बॅच ठेवली आहे, तिला अजून पुरेशी नावं आलेली नाहीत.

प्रमाणपत्रावरचा मजकूर बदलला. "पोहणे प्रशिक्षण पूर्ण" याऐवजी मूल काय करू शकतं ते लिहितात: इतका वेळ तरंगतं, इतकं अंतर जातं, इतक्या खोलीत. आणि खाली ठळक: पाण्यात असताना मोठ्या माणसाची देखरेख आवश्यक.

समुद्राचा प्रश्न

सप्टेंबरात मुलगा एक मिनिटभर तरंगू लागला, तेव्हा वडिलांनी विचारलं की दिवाळीत आक्सा किंवा अलिबागला नेलं तर पाण्यात सोडायचं का. मी नाही म्हटलं. तलावातलं पाणी कुठे जात नाही. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो. एवढं पाणी सहा तासांत येतं आणि सहा तासांत जातं, आणि जाताना ओढ लावतं. लाटांबरोबर आलेलं पाणी अरुंद वाटेने परत फिरतं तिथे तर चांगला पोहणाराही किनाऱ्याच्या दिशेने पोहून दमतो आणि हरतो. अशा ओढीत सापडल्यास तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, हे त्याला सांगून ठेवलं आहे. पण ऐकून माहीत असणं आणि लाट अंगावर आल्यावर करता येणं यात फार अंतर आहे. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाने समुद्र खवळलेला असताना जुहूला चार मुलं गेली. तीही याच शहरातली, सहज फिरायला गेलेली.

वडिलांशी ठरलं ते असं. पावसाळ्यात समुद्राच्या पाण्यात पाय नाही. एरवीही ओहोटी लागल्यावर नाही, अंधार पडल्यावर नाही. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, त्यांच्या समोरच, आणि त्यांनी शिट्टी वाजवली की लगेच बाहेर. पाणी गुडघ्याच्या वर नाही. आईवडिलांपैकी एक जण हात लांबवला की पोचेल इतक्या अंतरावर. तलावातली पुढची चाचणी जानेवारीत आहे, साडेपाच फुटी टोकाला, गणवेशासकट. ती पार पडली तरी समुद्रासाठीचे हे नियम तसेच राहतील, हे मुलासमोरच बोलून घेतलं आहे.